आधी घट्ट, मग सैल

गाडीच्या चाकाला पाच बोल्ट होते. चार षटकोनी डोक्याचे, कुठल्याही पान्याला हात देणारे. पाचवा मात्र गोल. त्याच्या डोक्यावर फुलाच्या पाकळ्यांसारखी वळणावळणाची खाच होती आणि तिच्यात बसणारी त्याच नक्षीची बोटभर किल्ली डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत होती. चोराने अलॉयचे चाक काढून नेऊ नये, म्हणून हा पाचवा बोल्ट. मे महिन्यातल्या एका दुपारी पांढरकवड्यात तो मालकालाही चाक देईना. पुढच्या दीड तासात एका मिस्त्रीने तो बोल्ट काढला, आणि काढताना चाकावर नखाएवढाही ओरखडा उमटू दिला नाही. हे त्या कामाचे रसग्रहण.

रसग्रहण कवितेचे होते, बंदिशीचे होते. हाताच्या कामाचे फारसे होत नाही, कारण काम संपले की आपण पैसे देतो आणि निघतो. पण ज्या कामात प्रत्येक हालचालीला जागा नेमून दिलेली असते, ज्यात थांबण्यालाही अर्थ असतो, ते काम ओळीओळीने वाचता येते. मी त्या दुपारी ते तसे वाचले, आणि तेव्हापासून ते मनातून गेलेले नाही.

आधी जागा. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग इथून जातो. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी तो अजून ‘सात नंबर’च आहे. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण. या रस्त्यावरचे मिस्त्री ट्रकच्या चाकांवर शिकलेले असतात. अवजड ट्रकचा नट ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. तो सोडवायचा म्हणजे पाना, पान्यावर पाईप, आणि पाईपवर माणूस उभा. तिथली डिस्क पोलादाची. तिच्यावर खरचटले तर कोणी पाहत नाही. आमच्या गाडीच्या बोल्टला १२० न्यूटन-मीटर पुरतात. अर्ध्या मीटरच्या दांडीच्या टोकाला साधारण २४-२५ किलोंचा भार दिला की तेवढा पीळ बसतो. सहाशेची सवय असलेल्या हाताने एकशेवीसचे काम करायचे, तेही मऊ धातूच्या, रंग आणि लॅकर चढवलेल्या चाकावर, जिथे बोल्ट एका अरुंद खोबणीत दडलेला. या कामाची पट्टी ही अशी होती.

अलॉयचे चाक मुळात हलकेपणासाठी आले. १९२४ साली फ्रान्समधल्या ल्यों इथल्या शर्यतीत बुगाटीने टाइप ३५ ही गाडी ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर उतरवली. तेव्हापासून चाक ही नुसती फिरण्याची वस्तू राहिली नाही, बघण्याचीही झाली. बघण्याजोगे झाले म्हणून चोरण्याजोगे झाले, आणि चोरण्याजोगे झाले म्हणून त्याला कुलूप आले. म्हणजे जे रूप जपण्यासाठी कुलूप लावले, तेच रूप कुलूप काढताना बिघडायचे भय. पेच खरा इथे आहे.

आमचा प्रसंग साधा होता. मागच्या चाकात खिळा, हवा हळूहळू उतरत होती. दोनदा हवा भरत आम्ही पांढरकवड्यातल्या टायरच्या दुकानापर्यंत आलो. तिथल्या पोराने चार बोल्ट झरझर सैल केले, पाचव्यावर किल्ली बसवली आणि हवेची गन लावली. टर्रर्र आवाज झाला आणि किल्ली खाचेतून उसळून बाहेर आली. काही महिन्यांपूर्वी कुठल्याशा गॅरेजमध्ये हा बोल्ट अशाच गनने आवळलेला असणार. जोरकस गन ५०० न्यूटन-मीटरच्याही पुढे जाते आणि किती पुढे गेली ते हाताला कळत नाही. पोराने पुन्हा गन उचलली, तेवढ्यात शेजारच्या गॅरेजमधून मिस्त्री उठून आला.

“बाबू, गन ठेव खाली.”

ही त्या कामाची पहिली ओळ. तिच्यात पुढचे सगळे आले होते. गन बोल्टवर घाव घालते, एका सेकंदात कितीतरी. घाव घालणाऱ्याला ऐकू येत नाही. मिस्त्रीला आधी ऐकायचे होते.

दुसरी ओळ मला अजिबात अपेक्षित नव्हती. त्याने पाना घेतला आणि सैल केलेले चारही बोल्ट परत आवळायला सुरुवात केली. समोरासमोरचे, एकाआड एक, बेताबेताने. आम्हाला चाक काढायचे होते आणि हा माणूस ते बसवत होता. मी विचारले तेव्हा मान न वळवता म्हणाला, “या चौघायनं हात काढून घेतला, म्हून हा एकटाच धरून रायला. आधी याचं ओझं कमी करू.”

हे वाक्य कोणत्याही यंत्रशास्त्राच्या पुस्तकात बसेल. १४ मिलिमीटर जाडीचा बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळला की तो चाकाला सुमारे चार टनांच्या भाराने हबवर दाबून धरतो. हे धरणे स्प्रिंगसारखे असते: बोल्ट अगदी किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखूड व्हायची धडपड करत राहतो. पाच जण मिळून चाक धरतात तेव्हा प्रत्येकाचा ताण इतरांवर अवलंबून असतो. चार सैल केले की उरलेल्याचा ताण वाढतो. चार परत आवळले की चाक हबकडे आणखी दाबले जाते आणि पाचव्याच्या डोक्याखालचा दाब तेवढा उतरतो. हा फरक थोडा असतो, पण नेमका हव्या त्या जागी असतो. बोल्ट फिरवायला लावलेल्या बळातले साधारण निम्मे डोक्याखालच्या घर्षणातच खर्च होते आणि चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. प्रत्यक्ष ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे लढाई सगळी घर्षणाशी. मिस्त्रीने पाचव्या बोल्टला हातही न लावता त्याच्या डोक्याखालचे घर्षण कमी केले. सोडवण्यासाठी आवळणे ही या कामातली सर्वात सुंदर कल्पना आहे, आणि ती त्याने सुरुवातीलाच, एरवी पाना पुसावा तितक्या सहज मांडली.

चार बोल्ट बसल्यावर गाडी हलवता येत होती. ती त्याने दहा-बारा हात पुढे, कडुलिंबाच्या सावलीत घ्यायला लावली. “चाक तापून रायलं, भाऊ. तापल्या चाकाशी बोलता नाही येत.” यवतमाळ जिल्ह्यातला मे म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला, डांबरावरच्या गाडीचे चाक त्याहून कितीतरी गरम, वर ब्रेकची उष्णता. ब्रेक निवेपर्यंत तो थांबला. मग डोक्याचा दुपट्टा सोडला, माठातल्या पाण्यात बुडवून पिळला आणि ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर घडी ठेवावी तसा बोल्टांभोवती चाकावर ठेवला.

मला माझ्या लहानपणीची बंडी आठवली. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा. तापून मोठी झालेली धाव चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली की लगेच पाणी. वाफेचा लोट उठायचा, लाकूड करकरायचे, आणि आकसणारी धाव आऱ्यांना तुंब्यात गच्च दाबून टाकायची. तिथे गारवा आवळतो. इथे नेमके उलटे. ॲल्युमिनियम दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांश २३ हिस्से वाढते, पोलाद १२. चाक आणि बोल्ट सारखेच तापले तरी चाकाची जाडी जास्त फुगते आणि बोल्टला आणखी ताणते. म्हणून तापलेले अलॉय घट्ट धरते, निवलेले सोडायला तयार होते. गावच्या लोहाराला आणि महामार्गावरच्या मिस्त्रीला एकच नियम ठाऊक होता. कोणत्या बाजूने वापरायचा हे ज्याचे त्याला कळत होते.

दुपट्टा चाकावर असताना त्याने खाच वाचायला घेतली. वाचायला हा शब्द मी मुद्दाम वापरतो. सायकलचा स्पोक घासून केलेली एक अणकुचीदार सळई त्याच्या खिशात होती. तिने तो एकेका पाकळीतली माती उकरू लागला. आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून दगडासारखी होते. पावसाळ्यात ती लोण्यासारखी खाचेत शिरली होती, उन्हाळ्यात तिची वीट झाली होती. किल्ली आत गेल्यासारखी वाटायची, पण तळाला पोचत नव्हती; पाकळ्यांच्या वरच्या कडांवरच टेकत होती. म्हणून ती उसळली. दोष किल्लीचा म्हणून आपण मोकळे झालो असतो.

खात्री करण्याची त्याची रीत फार देखणी होती. किल्लीच्या तोंडाला त्याने काळ्या ग्रीसचे बोट फिरवले, ती खाचेत दाबली आणि काढून पाहिली. ग्रीस तीनच पाकळ्यांत उमटले होते. पुन्हा सळई, पुन्हा हवेचा फवारा, पुन्हा ग्रीस. चौथ्या खेपेला फुलाचा ठसा पूर्ण उमटला. तेव्हा त्याने ग्रीस पुसून काढले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसला. मजकूर नीट लागल्याचा आनंद कोणत्याही वाचकाला ओळखू येईल असा होता.

मग तेल. फवाऱ्याने नाही, गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब, सळईच्या टोकावरून, बोल्टच्या डोक्याच्या कडेला. बाजूलाच ब्रेकची डिस्क आहे. तिच्यावर तेल उडाले तर पुढच्या उतारावर त्याची किंमत मोजावी लागते. केसाएवढ्या फटीतून तेल आपले आपण आत ओढले जाते, पण त्याला वेळ लागतो. “वीस मिनिटं,” तो म्हणाला आणि चहा सांगितला. त्या वीस मिनिटांत त्याने बोल्टकडे एकदाही पाहिले नाही. काम चालू होते, फक्त ते तेल करत होते. या विरामाला घाबरणारा माणूस पाईप शोधायला जातो, आणि तिथूनच अलॉय फुटायला सुरुवात होते.

चहानंतर चाकाचे चिलखत. जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा, मधोमध भोक, बोल्टभोवती बसवलेला. वायरिंगच्या प्लास्टिक पाइपाची एक बांगडी कापून त्याने ती पान्याच्या गोटीवर (सॉकेटवर) चढवली, म्हणजे गोटी खोबणीत तिरकी झाली तरी लोखंड ॲल्युमिनियमला न लागता प्लास्टिक लागेल. किल्ली खाचेत ठेवून हातोडीने सरळ अक्षावर ठोके. पहिले दोन बद्द वाजले, तिसरा जरा भरीव, चौथा खणखणीत. खणखणीत आवाज म्हणजे किल्ली तळाला बसली. याच ठोक्यांनी गंजाची पकडही तडकते. एकाच कृतीतून दोन अर्थ निघावेत ही चांगल्या ओळीची खूण मानतात. इथे ते दोन्ही कानांनी ऐकता येत होते.

शेवटी जोर. चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकाला दगडाची उटी. दांडी लांब घेतली. गोटी आणि दांडी जिथे जुळतात तिथे खालून लाकडी ठोकळ्याचा आधार दिला, म्हणजे दांडीच्या वजनाने किल्ली वाकडी होऊ नये. डावा तळहात गोटीवर, बोल्टच्या दिशेने सगळा भार देणारा. उजवा हात दांडीच्या टोकाशी. आधी त्याने केसभर आवळण्याच्या बाजूला दाबले, गंजाचा चिवट थर मोडावा एवढेच. मग उलट. झटका नाही, हिसका नाही. विहिरीतून भरली बादली ओढावी तशी एकसारखी ओढ. दांडी किंचित वाकली. मला वाटले किल्ली जाणार.

टक्.

सुटलेल्या बोल्टचा आवाज लहान असतो. मिस्त्री तिथेच थांबला. घाईने फिरवून बाहेर काढला नाही. पाव फेरा सैल, थोडा मागे, पुन्हा पाव फेरा. आट्यांमधला गंजाचा भुगा असा मागेपुढे करत बाहेर येतो. सरळ ओढला तर तोच भुगा आट्यांत दाटून हबचे आटे खातो. पाचवा बोल्ट हातात आला तेव्हा त्याच्या अंगावर विटकरी रंगाची एक रेघ होती, बाकी तो नव्यासारखा होता.

किल्लीच तुटली असती तर? मी विचारले, आणि चाक निघून पंक्चर काढले जात होते तेवढ्या वेळात त्याने पुढची पाने उलगडून दाखवली. पहिला उपाय, बोल्टच्या डोक्यापेक्षा किंचित लहान, पातळ कडांची बारा कोनांची गोटी त्यावर ठोकून बसवायची. पण काही लॉक बोल्टांच्या डोक्यावर मोकळी फिरणारी बांगडी असते. ती आधी काढल्याशिवाय गोटी नुसती फिरत राहते. दुसरा, आत उलटे पीळ कोरलेली गोटी. जितकी सोडवाल तितकी ती डोक्यात जास्त रुतते. तिसरा, ड्रिल. डोके कडक केलेल्या पोलादाचे असते, त्याला कोबाल्टचे बीट लागते, आणि मधोमध खूण केल्याशिवाय ते घसरून थेट अलॉयवर जाते. यातली एक गोष्ट मला फार आवडली: ड्रिलने संपूर्ण बोल्ट खायचा नसतो. डोके सुटेपर्यंतच जायचे. डोके गेले की ताण गेला; चाक बाहेर येते आणि हबमध्ये उरलेला बोल्टचा तुकडा पुष्कळदा चिमट्यानेही फिरतो. चार टनांचा हट्ट सगळा त्या डोक्याखाली साठलेला असतो.

वेल्डिंगने डोक्यावर नट चिकटवण्याचा उपायही आहे. तेव्हा बॅटरीची वायर काढायची, अलॉयवर ओली चिंधी ठेवायची, आणि अर्थिंग अशा जागी धरायचे की करंट बेअरिंगमधून जाणार नाही. गॅसच्या ज्योतीला मात्र त्याने हात जोडले. त्याचे कारण रंगापुरते नाही. अलॉयचे चाक ओतल्यावर सुमारे ५४० अंशांवर तापवतात, पाण्यात विझवतात आणि मग दीडशेच्या थोडे वर कित्येक तास मुरवतात. त्या मुरण्यातून त्याला ताकद येते. ज्योत ते मुरलेले मोडते. चाक दिसायला तसेच राहते, आतून मऊ होते. डोळ्यांना न दिसणारी इजा सर्वात वाईट, हे तो न बोलता हात जोडून सांगत होता.

हे सगळे उपाय एकाच दृष्टीने वाचता येतात. प्रत्येकात जोर आहे, काहींत तर भरपूर आहे. पण प्रत्येक उपाय आधी ठरवतो की जोर कुठे जाणार नाही: ब्रेकवर नाही, आट्यांवर नाही, खोबणीच्या भिंतीवर नाही, धातूच्या मुरलेपणावर नाही. या सगळ्या नकारांमधून जी एक बारीक वाट उरते, तिच्यातून सगळे बळ न्यायचे. ट्रकवर शिकलेल्या माणसाकडे जोराची वाण नव्हती. त्याने कमावलेली गोष्ट ही वाट होती.

परत बसवण्यातही तोच हात दिसला. बदली बोल्टसाठी त्याने डबा धुंडाळला. जाडी जुळणारा एक मिळाला, लांबीही जुळली. तरी त्याने दोन्ही बोल्ट प्रकाशात धरले आणि तो बाजूला ठेवला. आमच्या बोल्टची बैठक चेंडूसारखी गोलाकार, त्याची शंकूसारखी. गोल खळग्यात शंकू बसवला तर तो एका बारीक रेघेवरच टेकतो आणि चालता चालता सैल होतो. मग आमचाच बोल्ट तारेच्या ब्रशने घासून, बैठकीवर ग्रीस न लावता परत घातला. ग्रीस लागले तर त्याच पिळात बोल्ट जास्त ताणला जातो. आटे हाताने धरले. मग त्याने फडक्यात गुंडाळलेला टॉर्क पाना काढला. एरवी तो इंजिनाचे हेड बसवतानाच बाहेर येतो, असे पोराने मला हळूच सांगितले. १२० ला लावला, समोरासमोरचे बोल्ट एकाआड एक आवळले, आणि प्रत्येकाला पाना वाजला तिथेच हात थांबला.

पोरगा हे सगळे उकिडवा बसून पाहत होता. शेवटचा बोल्ट मिस्त्रीने त्याला आवळायला दिला. पाना वाजल्यावरही पोराचा हात सवयीने पुढे सरकला, तेव्हा मिस्त्रीने त्याच्या मनगटावर दोन बोटे ठेवली. “वाजला ना? मंग बस.”

निघताना त्याने किल्ली ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. नागपूरला गेल्यावर लॉक बोल्ट काढून पाचही साधे घाला म्हणाला. आणि यवतमाळला पोचल्यावर एकदा पाना लावून पाहा, नव्याने बसवलेले चाक पन्नास-शंभर किलोमीटरनंतर तपासायचेच. ओला दुपट्टा त्याने तसाच डोक्याला बांधला. त्याच्या एका कडेला चाकावरचा राखाडी डाग आला होता.

यवतमाळला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. एका टायरवाल्याकडे टॉर्क पाना मिळाला. मी खाली बसलो, खोबणीच्या कडेवरून नख फिरवले. ते कुठेच अडले नाही. मग पाचव्या बोल्टवर किल्ली बसवली, १२० ला लावलेला पाना धरला आणि सावकाश दाबला. पाना टक् वाजला. बोल्ट हलला नाही.

माझा हात तिथेच थांबला.